राउटर बदलायचा की त्याची जागा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला 'सोसायटीच्या आठवणी' हा विषय सुचवला होता. पण आठवणी सांगायला माझ्यापेक्षा जुनी मंडळी समोर बसली आहेत. मी गेल्या पावसाळ्यातली आमच्या घरची एकच गोष्ट सांगणार आहे, कारण तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "काका, राउटर नवीन घ्यायचा का हो?"

आपल्या देशात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण इथे राहायला आलो तेव्हाही ते टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. मोडेम किरकिरायचा, आणि कुणी फोन उचलला की लाइन तुटायची. ५६ केबीपीएसवर आपण खूश होतो. २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या केली ती २५६ केबीपीएसची, आणि ती २ एमबीपीएसवर यायला २०२३ उजाडलं. आज माझ्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि तरी घरात रोज नेटवरून आरडाओरडा!

गंमत नव्हती पण ती. सूनबाईचं ऑफिस अंधेरीला. २०२०च्या लॉकडाउनपासून ती घरूनच काम करते. जुलैमध्ये मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायला लागला, चित्र गोठायला लागलं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, महिनाभरात नेट सुधारा, नाहीतर रोज ऑफिसला या. विरारकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. नातू तेव्हा अडीच वर्षांचा. सकाळची लोकल, महिलांचा डबा, आणि संध्याकाळी परत तेच.

मुलानं लगेच साडेसात हजारांचा राउटर मोबाइलवर निवडला. मी म्हटलं, थांब. माझा जन्म कारकुनीत गेला, बिल पास करण्याआधी माल मोजून घ्यायची खोड आहे.

पहिलं काम केलं ते असं. लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडला आणि स्पीड तपासला. ९४ आला. जुन्या राउटरच्या १००च्या पोर्टमधून प्रत्यक्षात एवढाच मिळतो. रात्री नऊला, सगळी बिल्डिंग सिरियल आणि क्रिकेट बघत असताना पुन्हा तपासला, तर ९०. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत. मंडळी, एवढं एक तरी घरी जाऊन कराच. फायबरची एक तार पुढे ३२ घरांत, कधी ६४ घरांत वाटलेली असते. वायर लावूनही रात्री स्पीड पडत असेल, तर केबलवाल्याशी भांडा. राउटरच्या दुकानात जाऊन काही उपयोग नाही.

मग सूनबाईच्या खोलीत मोबाइल धरला. ६! व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, पण तिथे सहाचे घटकेत दोन व्हायचे, घटकेत शून्य.

आता राउटर कुठे होता? मुख्य दारावरच्या फळीवर, कारण केबलवाल्यानं तार तिथूनच आत घेतली होती. आणि तिथून मागच्या बेडरूमपर्यंत वाटेत काय? एक गोदरेजचं कपाट, बाथरूमच्या टाइल्सच्या दोन भिंती, आणि लॉफ्टवर पाचशे लिटरची पाण्याची टाकी. हसताय, कारण तुमच्याही घरी आहे! टँकरच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच त्या बसवल्या. रात्री दोनला पाणी आलं की मोटरचा आवाज, बादल्या, कळश्या... असो. तर लोखंड लहरी परतवतं आणि पाणी त्या शोषून घेतं. जुन्या वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर म्हणजे जवळपास मायक्रोवेव्ह ओव्हनचीच लहर. आमचं निम्मं इंटरनेट त्या टाकीच्या पोटात जात होतं.

पंधरा मीटर कॅट-सिक्स वायर आणली, पाचशेच्या आत काम झालं. पट्टीच्या कडेनं ती पॅसेजमध्ये नेली आणि राउटर तिथे टांगला. खोलीत ३८ मिळायला लागले. साडेसात हजार वाचले म्हणून मी मिशीवर ताव देत होतो.

तो आनंद चार दिवस टिकला. संध्याकाळ झाली की पुन्हा तुटतुट. मोबाइलवर पाहिलं तर शेजारपाजारची एकवीस वायफायची नावं! २.४वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एकवीस घरं तीन चॅनेलवर बोलणार, म्हणजे आपली जनरल बॉडीच की! (सेक्रेटरीसाहेब, रागावू नका.) ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ. ती लहर भिंतीपलीकडे फार जात नाही, पण बिल्डिंगमध्ये तेच बरं, शेजाऱ्यांचा गोंगाटही आत येत नाही. आमच्या जुन्या राउटरला ५ची सोयच नव्हती, आणि कंपनीनं त्याचे सॉफ्टवेअर अपडेटही बंद केले होते. मुलगा बरोबर होता, हे मी त्याच्यासमोर कबूल केलं. फक्त जागा न बदलता त्यानं आणला असता, तर नवा राउटरही टाकीशीच कुस्ती खेळत बसला असता.

शेवटी दोन बँडचा, गिगाबिट पोर्टचा साधा राउटर घेतला, अडीच हजारांच्या आत. खोलीत आता ८५ येतात. उरलेल्या पैशांतून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, कारण आपल्याकडे दोन सरी पडल्या की लाइट जाते. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवून बघा, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही यूपीएसवर घ्या. आम्ही आधी विसरलो होतो. लाइट गेल्यावर राउटर दिमाखात चालू, आणि नेट बंद!

सूनबाई आता आठवड्यातून एकदाच अंधेरीला जाते.

हल्ली पाणी बरं येतं, म्हणून परवा मी हिला म्हटलं, "आता ती टाकी काढून टाकूया का?" ती म्हणाली, "तुमचं नेट एक दिवस गेलं तर चालेल मला. टाकीला हात लावायचा नाही."

टाकी आहे तिथेच आहे. वायरही पाच-सहा मीटर शिल्लक आहे, कुणाला लागली तर घेऊन जा.