दातांची कीड आणि फ्लोराइड

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



दातदुखीने गाल धरून बसलेल्या मुलाला गणित शिकवता येत नाही. म्हणून आजचा विषय आरोग्याचा असला तरी तो शिक्षणाचाही आहे.

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. त्यामुळे दातात अळी असते असा समज होतो, आणि ती काढून दाखवणारेही भेटतात. वस्तुतः तेथे अळी नसते. दातांवरील चिकट थरातले सूक्ष्म जंतू साखर-गुळापासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळतात. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. पण दिवसभर थोडे थोडे गोड चालू राहिले तर तिला सवड मिळत नाही, आणि शेवटी खड्डा पडतो. लोणावळ्यात राहून चिक्की खाऊ नका असे कोण सांगेल? पण ती जेवणाबरोबर खावी व नंतर चूळ भरावी.

फ्लोराइड येथेच उपयोगी पडते. लाळेत ते थोडे जरी असले तरी विरघळलेले क्षार दातात लवकर परत बसतात, आणि नवा थर आम्लाला अधिक दाद देत नाही.

हा शोध डागांवरून लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे डॉ. मॅके यांना १९०१ नंतर तपकिरी डागांचे, पण कमी किडलेले दात आढळले. पाण्यातील जादा फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ मध्ये कळले. पुढे १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते बेताने मिसळण्यात आले आणि मुलांच्या दातांची कीड पुष्कळ घटली.

मात्र अति तेथे माती. आपल्याच राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असून तेथे दात डागाळतात, हाडेही बिघडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. मावळात आपण बहुतांशी पावसाचे, धरणात साठलेले पाणी पितो. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. म्हणून आपल्याला सोपा मार्ग टूथपेस्टचा.

पेस्ट घेताना नळीवर फ्लोराइड लिहिले आहे का, ते पाहा. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू देऊ नये. घासल्यावर थुंकावे, पण भरपूर चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नये. रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे सर्वांत महत्त्वाचे. रमजानमध्ये सहरीची वेळ संपण्यापूर्वी आणि रात्री झोपताना घासावे. मिसवाक ही आपली सुन्नत आहे. ती जरूर करावी, पण मुलांच्या पेस्टला तिचा पर्याय समजू नये. मिश्री मात्र घरातून हद्दपार करा. ती जाळलेली तंबाखूच आहे.

शेवटी एक गोष्ट आयांनी ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते आणि दुर्लक्षित राहते. ती कायमची दाढ आहे. गेली तर पुन्हा येणार नाही. आज घरी गेल्यावर आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलाचे तोंड उघडून ती जरूर पाहा.