दारचे झाड : तोडावे की राखावे?



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेने मला या स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा माझा बहुमान आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हाला विज्ञान शिकवीत. प्रयोगवहीत आम्ही निष्कर्ष आधी लिहून ठेवला आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवून घेतली, की ते पानावर लाल रेघ ओढीत. त्या लाल रेघेचा अर्थ मला पुरता उमगला तो वयाची साठी उलटल्यावर आणि तोही माझ्या घराच्या अंगणात. म्हणून आज एखादा भारदस्त विषय न घेता, घराजवळचे मोठे झाड तोडून घ्यावे की राखावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाविषयी बोलण्याचे मी ठरवले आहे.

आपल्या बऱ्हाणपुरात हा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहतो. तापीकाठचा वैशाखातील उन्हाळा आपण जाणता. अशा गावात दारच्या कडुनिंबाची सावली ही चैन नव्हे, ती गरज आहे. परंतु त्याच वैशाखाच्या अखेरीस वादळे सुटतात, एका सायंकाळी केळीच्या बागा आडव्या होतात, आणि त्या रात्री ज्याच्या धाब्यावर फांद्या झुकलेल्या असतात त्याला झोप लागत नाही. दिवसा जे छत्र वाटते तेच रात्री संकट वाटते. माणूस निर्णय घेतो तो बहुधा अशा रात्रीनंतरच्या सकाळी, आणि म्हणूनच तो चुकण्याचा संभव अधिक.

माझ्या वडिलोपार्जित घराला दोन झाडे होती. पश्चिमेला, भिंतीपासून जेमतेम पाच मीटरवर, आजोबांच्या वेळचा कडुनिंब. पूर्वेला, फाटकाशी, रस्त्याच्या कडेला गुलमोहर. हा गुलमोहर १९६८ च्या जुलैत वनमहोत्सवाच्या दिवशी गुरुजींनी माझ्या हाती दिलेल्या रोपाचा. देशात वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केली आणि आपल्या शाळेत गुरुजी ती निष्ठेने पाळीत, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

२०१८ च्या मे महिन्यात एका वादळी रात्री कडुनिंबाच्या फांद्या छतावर घासत राहिल्या. सकाळी पाहतो तो पश्चिमेच्या भिंतीला कोपऱ्याजवळ एक तिरपी भेग. घरातील सर्वांचे एकमत झाले की निंबाच्या मुळ्यांनी पाया उचलला. दुसऱ्याच दिवशी एक लाकूडवाला आला. दोन्ही झाडांभोवती फिरून त्याने निकाल दिला, "दादा, हा निंब घर पाडणार. मी फुकट तोडून देतो, वर तुम्हालाच चार पैसे देईन. गुलमोहराला काही होत नाही, तो राहू द्या. तोडायचाच असेल तर त्याची मजुरी मात्र तुमच्याकडे."

मी स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. तरी त्या क्षणी हो म्हणणार होतो. तेवढ्यात त्याच्या बोलण्यातील हिशेब ध्यानात आला. निंबाच्या लाकडाला गिऱ्हाईक आहे. गुलमोहराचे लाकूड हलके, ठिसूळ, त्याला भाव नाही. जे झाड विकले जाईल ते धोक्याचे आणि जे विकले जाणार नाही ते निर्धोक, असा हा निवाडा होता. त्या माणसाला मी लबाड म्हणत नाही. तो त्याचा धंदा बोलत होता. चूक माझी होती, कारण परीक्षेचा प्रश्न मी खरेदीदाराला विचारला होता. आजच्या व्याख्यानाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते हे : झाड तोडणाऱ्याने झाडाचा निकाल देऊ नये. परीक्षक वेगळा असावा आणि कुऱ्हाड वेगळ्या हाती असावी.

आता भेगेकडे वळू. आपली जमीन काळी, कापसाची. तिच्यातील चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतांना पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घराचा पाया उथळ असेल तर तोही या फुगण्या-आकसण्यात सापडतो. अशा मातीसाठीच रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर कंद असलेल्या खोल खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली. मोठे झाड जमिनीतील ओल ओढून घेते, त्यामुळे त्याच्या बाजूची माती अधिक आकसते आणि भिंत खचू शकते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या अवर्षणात चिकणमातीवरील असंख्य घरांना अशाच भेगा पडल्या. म्हणजे झाडावरील आरोप निराधार नसतो. परंतु मुळी पाया उचलते ही आपली समजूत बहुतेक वेळा खरी नसते. मुळी पाणी नेते आणि माती खाली बसते.

याचीच दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. असे जुने झाड एकाएकी तोडले, तर ते जी ओल रोज ओढत होते ती जमिनीत साठू लागते. माती पुढे काही वर्षे फुगत राहते आणि घर वर उचलले जाऊन नव्या भेगा पडतात. भिंत वाचवण्यासाठी झाड तोडावे आणि तोडल्यामुळेच भिंत तडकावी, असा हा विचित्र न्याय आहे. म्हणून काळ्या जमिनीवर घराला लागून असलेला जुना वृक्ष हा घाईने काढण्याचा पदार्थ नव्हे.

मग भेगेचे कारण ओळखावे कसे? गुरुजींच्या पद्धतीने. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घातली, मध्ये काचेची पट्टी प्लास्टरने बसवली आणि वही केली. ओल ओढणाऱ्या झाडामुळे पडलेली भेग उन्हाळ्याच्या अखेरीस रुंदावते आणि पावसाळ्यात मिटू पाहते. माझी भेग याच्या उलट वागली. काच तडकली ती भर श्रावणात. पायाशी हातभर रुंद खड्डा घेऊन पाहिला, तर पायाखाली निंबाची जाड मुळी नव्हती, चिखल होता. वर पाहिले. धाब्याची पन्हळ नेमकी त्याच कोपऱ्यावर पाणी ओतत होती. पुढच्या मे महिन्यात पन्हळीला नळ जोडून पाणी दूर सोडले, भिंतीकडेने बाहेर उतार देऊन फरशी केली. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत पेन्सिलीची खूण भेगेने ओलांडली नाही. निंब निर्दोष ठरला. त्याच्या वाळक्या फांद्या आणि छतावर आलेली एक फांदी तेवढी काढली.

ज्या गावात चारशे वर्षांपूर्वी अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे ओळखून कुंडी भंडाऱ्यासारखी भूमिगत जलयोजना उभी राहिली, त्या गावच्या अभियंत्याला स्वतःच्या पन्हळीचे पाणी कोठे मुरते हे कळू नये, याची मला लाज वाटली. परंतु याहून मोठी लाज पुढे होती.

वन खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही माझ्या विनंतीवरून झाडे पाहायला आले. त्यांना लाकडाशी कर्तव्य नव्हते आणि मजुरीशीही. त्यांनी लाकडी हातोडीने निंबाचा बुंधा ठोकला. आवाज भरीव आला. गुलमोहराचा ठोकला, तो मडक्यासारखा पोकळ वाजला. बुंध्याच्या तळाशी, रस्त्याच्या बाजूला, कठीण तपकिरी बुरशीचे पंख्यासारखे थर होते. अंगणाच्या बाजूची जमीन किंचित उचललेली आणि तडकलेली होती, म्हणजे झाड रस्त्याकडे कलू लागले होते. वर मात्र लाल फुलांचा भर ओसरला नव्हता. स्नेह्यांनी विचारले, "या बाजूला कधी खोदकाम झाले होते काय?"

झाले होते. १९९४ साली फाटकाशी सांडपाण्याचा नळ टाकण्यासाठी मी स्वतः चर खणवला होता. आडव्या आलेल्या जाड मुळ्या मजुरांनी विचारून तोडल्या होत्या, आणि विचारले होते ते मलाच. झाडाला सोटमूळ असते, बाजूच्या चार मुळ्या गेल्याने काय बिघडते, असे मी म्हणालो होतो. वस्तुतः मोठ्या झाडाच्या बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या हातदोन हातांतच असतात, डेऱ्याच्या घेराबाहेरही पसरतात, आणि झाडाला उभे धरतात त्या बुंध्याजवळच्या याच आडव्या मुळ्या. अमेरिकेतील ॲलेक्स शायगो या संशोधकाने हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड आपली जखम आपल्या कातडीसारखी भरून काढत नाही. ते तिच्याभोवती भिंती घालून तिला कोंडते आणि पुढे वाढत राहते. माझ्या गुलमोहराने माझी जखम चोवीस वर्षे कोंडून ठेवली होती. अखेर कुजणे त्या भिंती ओलांडून बुंध्यात शिरले.

तो रस्ता शाळेचा. सकाळी याच शाळेची मुले त्या झाडाखालून येतात. मुंबईत चेंबूर येथे २०१७ च्या जुलैत रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळून तिचा अंत झाला. ते झाड काढण्याविषयी आधी अर्ज झाला होता, असे वृत्त होते. तिच्या मृत्यूचे चलतचित्र साऱ्या देशाने पाहिले. गुरुजींच्या हातचे रोप म्हणून मी ते झाड ठेवले असते, तर त्या भक्तीचा भुर्दंड दुसऱ्याच्या मुलाने भरला असता. माझ्या सौ. म्हणाल्या, "गुरुजी असते तर त्यांनी झाडाआधी मुले मोजली असती." निर्णय तेथेच झाला.

मध्य प्रदेशात शहरी भागातील झाड, ते स्वतःच्या अंगणातले असले तरी, २००१ च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमान्वये परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात असा कायदा १९७५ पासून आहे. पुष्कळांना हा जाच वाटतो. मला तो दुसऱ्या डोळ्यांनी झाड पाहून घेण्याची सोय वाटतो. आपल्या परंपरेतही हा विवेक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. मात्र झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते न्यावे, अशीही मुभा आहे. म्हणजे कधीच तोडू नये असे ते म्हणत नाहीत. कारणावाचून आणि संमतीवाचून तोडू नये, असे म्हणतात.

परवानगी येईपर्यंत झाडाखालचा रस्त्याचा तुकडा दोरी बांधून बंद केला. मग तोडणारा शोधला. त्याला काय विचारावे, हे येथील तरुण गृहस्थांसाठी सांगतो. झाड एकदम पाडणार की दोराने बांधून शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवणार? वर चढणाऱ्याला कमरेचा पट्टा आहे काय? त्याचा अपघात विमा आहे काय? वीज वितरण कंपनीकडून तारांचा प्रवाह बंद करून घेण्याचे कोणी पाहायचे? लाकूड कोणाचे, ओंडका कोण नेणार, हे कागदावर आहे काय? जो सर्वांत स्वस्तात करतो तो बहुधा यांतील एखादी गोष्ट वगळून करतो, आणि ती वगळलेली गोष्ट म्हणजे वर चढलेल्या मजुराचा जीव असतो. मला मिळालेल्या तीन भावांपैकी मधला मी स्वीकारला, कारण चढणारा माणूस दोर स्वतः तपासत होता. फांद्यांत घरटे नाही हे पाहून, पावसाची उघडीप साधून, दोन दिवसांत झाड उतरले. बुंध्याच्या कापावर निम्म्याहून अधिक लाकूड बोटाने भुगा होत होते.

मी त्या कापाशी बराच वेळ बसलो होतो. ज्या झाडावर मी संशय घेतला ते निर्दोष होते, ज्याच्यावर प्रेम केले ते धोक्याचे होते, आणि त्याला धोक्याचे करणारा मीच होतो. वहीत निष्कर्ष आधी लिहिला की असे होते. ती लाल रेघ मला पन्नास वर्षांनी पुन्हा मिळाली.

मित्रहो, प्रत्येक झाड वाचवा असा उपदेश करायला मी आलो नाही, आणि घराजवळ झाड नको असेही माझे म्हणणे नाही. झाड उभे असताना त्याच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा सिमेंटवाचून मोकळी ठेवा. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांसाठी हेच सांगितले. चर खणताना मुळ्यांना वळसा घाला. काळ्या जमिनीत मोठे होणारे झाड त्याच्या पूर्ण उंचीइतके तरी घरापासून दूर लावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, बुंधा ठोकून पाहा. आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड घेऊन दारी येणाऱ्याला नम्रपणे सांगा की, निकाल अजून व्हायचा आहे.

फाटकाशी आता एक पारिजातक आहे. तारांना तो पोचणार नाही आणि कोणाच्या डोक्यावर पडण्याइतका मोठा होणार नाही. शाळेत येणारी मुले भाद्रपदापासून त्याची फुले वेचतात. गुरुजींच्या रोपाची जागा मी एवढ्यानेच भरू शकलो.