अडवू नये ते आणि अडवावे ते



बीड जिल्ह्यातील मे महिन्याची एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. पारा चाळिशीपार गेलेला, वीज गेलेली. गृहिणी टँकरची वाट पाहून थकलेली. गृहस्थ कर्जाच्या कामासाठी खेटे घालून रिकाम्या हाताने परतलेला. अशा वेळी मुलाच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडतो. सांडते ते तांब्याभर पाणी, परंतु त्यावरून उठलेले वादळ रात्रीपर्यंत शमत नाही. मुलाला धपाटा, आजीला टोमणा, भांड्यांची आदळआपट! झोपताना प्रत्येकालाच चुकल्यासारखे वाटते. पण तसे कोणी कोणाला बोलून दाखवीत नाही.

हीच ती रोजची चिडचिड. क्रोधाला निदान समोर एखादे कारण असते. प्रसंगी तो न्याय्यही असतो. चिडचिडीचे कारण एकीकडे आणि वर्षाव भलतीकडे. 'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण आपल्या लोकांनी उगाच घडविलेली नाही. शिवाय पाण्याप्रमाणे चिडचिडही उताराकडे धावते. साहेबाला, सावकाराला, मुकादमाला उलट बोलता येत नाही. पत्नीला, मुलाला, म्हाताऱ्या आईला बोलता येते. जो उत्तर देऊ शकत नाही, तोच तिचा धनी होतो.

यावर 'मन शांत ठेवा' एवढा उपदेश पुरेसा आहे काय? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा अधिक बारकाईने विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वेगांचे दोन वर्ग सांगितले आहेत. भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेली धाप, अश्रू हे वेग अडवू नयेत. लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग आणि कठोर बोलणे हा वाणीचा वेग मात्र अडवावा. हे दोन्ही वर्ग एकाच अध्यायात शेजारी शेजारी यावेत, हे मननीय आहे. आपले दैनंदिन जीवन नेमके याच्या उलट चालते. भूक मारली जाते, झोप तोडली जाते, अश्रू गिळले जातात. आणि मग जिभेला लगाम राहत नाही. जे अडवू नये ते अडवले, की जे अडवायचे ते अडवण्याचे बळ उरत नाही.

या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली, म्हणजे श्रमही आधीच विकलेले. पहाटेपासून तोडणी, रात्री-अपरात्री वाहन भरणी आणि पालावर पोहोचल्यावर स्त्रीच्या वाट्याला पुन्हा चूल. अशा माउलीच्या वाणीला धार आली, तर दोष तिच्या स्वभावाचा की तिच्या तुटलेल्या झोपेचा? गावी आजी-आजोबांजवळ राहिलेले मूल हट्टी होते, तेव्हा त्याला शिस्त हवी असते की आई?

शहरातील सुस्थित घरांनीही स्वतःला वेगळे समजू नये. तेथे झोप मोबाईल खातो, न्याहारी घड्याळ खाते. आणि सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणी शेवटी, उरलेले जेवते. घराच्या शांतीचा सारा भार जिच्यावर टाकायचा, तिचीच भूक आणि विश्रांती शेवटच्या क्रमांकावर! हा विरोधाभास कुटुंबप्रमुखांनी तपासून पाहावा. संयमाचा पाठ एकटीला देता येत नाही.

तरीही ठिणगी उडणारच. माणसे आहेत, तोल जाणारच. मग काय करावे? बीडच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. याच गोदेकाठी, पैठणजवळील आपेगावचे ज्ञानदेवांचे घराणे. परंपरा सांगते, की लोकांच्या निंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव एकदा कुटीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने दारात उभे राहून त्यांना विनविले. तेच ताटीचे अभंग. ज्ञानियांच्या राजालाही राग आला, हे परंपरेने लपविले नाही. तिने जपले ते दारात येणाऱ्या बहिणीचे धैर्य. प्रत्येक घरात ताटी लागते. प्रश्न एवढाच, की ती उघडायला पहिले कोण जाते? तो मान धाकट्याने घ्यावा, तसाच थोरल्यानेही घ्यावा. 'माझे चुकले' हे शब्द बापाने मुलासमोर उच्चारले, तर बापाचे मोठेपण कमी होत नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. चिडचिड आठवडेच्या आठवडे टिकली, झोप उडाली, कशातच रस वाटेनासा झाला, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. थायरॉईडचा विकार, मधुमेह, नैराश्य यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. 'टेली-मानस' ही शासनाची दूरध्वनी सेवा २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ज्या प्रदेशाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथे मनाच्या दुखण्यासाठी वैद्याकडे जाण्यात संकोच कशाचा?

प्रारंभ लहानच असावा. घरी परतणाऱ्याला आधी पाणी द्यावे, प्रश्न नंतर विचारावेत. रात्रीचे जेवण सर्वांनी, वाढणारीसह, एका पंगतीत घ्यावे. तीव्र शब्द ओठांवर आला, की अंगणात एक फेरी मारून यावे. आणि दिवस कसाही गेला, तरी दिवा मालवण्यापूर्वी घरातील एकही ताटी लागलेली राहू नये.