एक कोपरा, मग चहा



उल्हास नदी बदलापूरकरांच्या शेजारची.
कधीकधी ती घरातही येते.

२६ जुलै २००५ ला आली.
२७ जुलै २०१९ ला पुन्हा आली.
त्याच दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली.
गाडीची बातमी देशभर गेली.
घरातल्या चिखलाची बातमी होत नाही.

पाणी ओसरतं.
मागे उरतो गाळ, भिजलेली गादी, आणि तो वास.
दारात उभं राहिलं, की हातपाय गळतात.

अशा वेळी सगळं घर बघू नका.
एकच कोपरा बघा.

आधी मेन स्विच बंद करा.
पायात गमबूट घाला. हातात मोजे घाला.
पायाला जखम असेल, तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, भीती असते.

मग फावडं घ्या.
गाळ ओला आहे, तोवरच दाराकडे ओढा.
वाळला, की फरशीला धरतो.
मग खरवडत बसावं लागतं.

एक कोपरा झाला? थांबा.
चहा घ्या.
मग पुढचा कोपरा.

आणि एकट्यानं करू नका.
आज तुमचं घर, उद्या शेजाऱ्यांचं.

आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत.
दळण कधी सरलं, कळत नसे.
आपल्या लोकलमध्येही भजनी मंडळं टाळ वाजवतात.
गर्दी तीच, पण प्रवास सुसह्य होतो.
चिखल काढतानाही कुणीतरी गावं.
बेसूर चालेल.

हां, एक राहिलंच.
गाळाला हात लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.
पंचनाम्याच्या वेळी लागतात.