कुणाला सांगितलंस?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे कार्मिक विभागात होतो. माणसे कामावर घेणे हेच माझे काम. निवृत्त झालो तरी नोकरीच्या शोधातली मुले अजून घरी येतात.

काही वर्षांपूर्वी गंजाडचा एक मुलगा आला. डहाणूहून चारोटीकडे जाताना लागणारे हे गाव. मुलगा आयटीआयचा फिटर, गुण चांगले. पिशवीत अर्जांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. वर्षभर अर्ज धाडत होता, उत्तर एकाचेही नव्हते. मी विचारले, "नोकरी हवी आहे हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, सर. नाही मिळाली तर पाड्यावर हसतील."

आपल्याकडे 'ओळख' हा शब्द उगाच बदनाम आहे. ओळख म्हटले की वशिला डोळ्यांपुढे येतो. पण टेबलाच्या या बाजूला बसून मी जे पाहिले ते सांगतो. लहान कारखान्यातली जागा बहुतेक वेळा वर्तमानपत्रात येतच नाही. फिटर सोडून गेला की मालक फोरमनला विचारतो, "कुणी आहे का पाहण्यात?" फोरमन ज्याचे नाव घेईल तो सोमवारी गेटवर हजर. नालायकाला चिकटवणे हा वशिला झाला. 'या पोराचं काम मी पाहिलंय' असे कुणी सांगणे ही साक्ष आहे.

ही साक्ष देतो कोण? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तिकडच्या सुशिक्षित नोकरदारांना हेच विचारले होते. 1973 साली त्याचा लेख गाजला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहात एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून! कारण साधे आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. आमच्या भागात तर हे उघड दिसते. भातकापणी झाली की पाड्यावरची माणसे मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. सगळ्यांचा मुकादम एक, भट्टी एक, म्हणून बातमीही एकच.

मी त्या मुलाला वहीत नावे लिहायला लावली. नातेवाइकांची नव्हे, ज्यांनी त्याला काम करताना पाहिले आहे त्यांची. अकरा नावे निघाली. त्यांत चिकूच्या वाडीतले पंप दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्या हाताखाली त्याने पंधरा दिवस काढले होते. त्यांच्या मेहुण्याकडून उंबरगावची जागा कळली आणि महिन्याभरात पोरगा कामाला लागला.

गंजाडला हे नवे नाही. जिव्या सोमा मशे इथल्याच कळंबीपाड्यातले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना या भागात धाडले आणि त्यांच्यामुळे मशे यांची चित्रे पाड्याबाहेर गेली. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. कुलकर्णी हे काही त्यांचे सोयरे नव्हते, बाहेरून आलेले माणूस. मात्र ते आले तेव्हा त्यांना दाखवायला मशे यांच्याकडे चित्रे होती, हेही विसरू नये. हात रिकामा असेल तर अकराच काय, अकराशे नावे लिहा.

आता माझी चूक. चार महिन्यांनी पोराने ती नोकरी सोडली. मी चिडलो. "अरे, हातची नोकरी कुणी सोडतं का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पगार बरा होता, सर. पण तिथं मला नाव नव्हतं. सगळे 'ए जंगली' म्हणायचे."

मी पुढे काही बोलू शकलो नाही. बावीस वर्षांत मी कुणाला जंगली म्हटले नाही, पण टोकन नंबरने मात्र शेकडो माणसांना हाक मारली आहे. नोकरीतले सुख पगाराच्या चिठ्ठीत मोजायची सवय आम्हा कार्मिकवाल्यांनीच लावली.

त्यानंतर आलेल्या मुलांना मी एक गोष्ट सांगू लागलो. होकार कळवण्याआधी पाळी सुटायच्या वेळी त्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसा. बाहेर पडणारी माणसे एकमेकांना कशी हाक मारतात ते ऐका. जुनी माणसे किती आहेत, पी.एफ. खरोखर भरला जातो का, नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हे त्यांनाच विचारा. आणि रात्रीची पाळी सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का, हेही. डहाणू रोडपर्यंत 2013 पासून लोकल येते, पण स्टेशनापासून पाड्यापर्यंतचे काय? नोकऱ्या सुटतात त्या पुष्कळदा याच शेवटच्या टप्प्यावर.

त्याने तसेच केले. दोन टपऱ्यांवरून उठून आला, तिसरीकडे रुजू झाला. पगार आधीपेक्षा थोडा कमी. घरी आईने कुरकुर केली, ती अजून पुरती थांबलेली नाही. धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हायचे आहे, तिचेही चूक म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यांच्याकडे वेल्डरच्या दोन जागा निघाल्या होत्या. "सर, तुमच्या पाहण्यात कुणी आहे का?" मी म्हटले, "पाड्यावर सांगितलंस का?"

"आधी तिथंच सांगितलं," तो म्हणाला. "तिघं येतायत. त्यातला एक तर माझ्यावर हसला होता."