तंजावरचे बेकार दरबारी

तंजावरचे दुसरे शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. मागे पुत्रसंतान नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने गादी खालसा केली. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला बहुधा एवढीच जागा मिळते. परंतु वाड्यातील फडाचे कारकून, शास्त्री, पुराणिक, वैद्य, गवई, नर्तकी, पागेतले मोतद्दार आणि मुदपाकखान्यातले आचारी यांच्या दृष्टीने त्या दिवशी राज्य गेले नव्हते, रोजी गेली होती.

तसे पाहिले तर राज्य १७९९ सालीच गेले होते. त्या वर्षीच्या तहाने सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरला तो वसुलाचा पाचवा हिस्सा आणि सालीना एक लाख होन. कारभार नाही आणि पदरी माणसे मात्र पुष्कळ, अशी ती विलक्षण अवस्था होती. शेकडो कुटुंबांचे पोट एका राजाच्या आयुष्यावर अवलंबून राहिले. सरफोजींना याची जाणीव कितपत होती हे सांगणे कठीण; पण त्यांनी विद्येची पेठ उघडली हे खरे. १८०५ साली त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि लगेच पुढच्या वर्षी इसापनीतीचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावलि’, त्यातून छापून निघाले. ओरत्तनाडच्या छत्रात मुलांना अन्नाबरोबर विद्याही मिळे.

खालसा झाल्यावर कंपनीने राजघराण्याची खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला आणि मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निवाडा फिरविला: हे राजसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही! अखेर १८६२ साली सरकारने, हक्क म्हणून नव्हे तर मेहेरबानी म्हणून, मालमत्ता परत दिली. राणीवशाला व काही आश्रितांना तनखे मिळाले. तनख्याने चूल पेटते. बोरूवर मोडी लिहिणाऱ्या हाताला त्याने इंग्रजी लेखणी चालविता येत नाही.

ज्यांनी दुसरी विद्या वेळीच हाती घेतली त्यांचे निभावले. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले माधवराव, पुढचे सर टी. माधवराव, मद्रासेस इंग्रजी शाळेत शिकले ते दरबार मिटण्यापूर्वीच. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. अर्थात त्यांच्या घराण्याचा त्रावणकोरच्या कारभारात आधीच शिरकाव होता. गरीब कारकुनाच्या मुलाला तो कोठून असणार?

कलावंतांची गोष्ट अधिक बोलकी आहे. कित्येक गायक-वादक मद्रासेकडे वळले. १८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांच्या राणी होऊन बडोद्यास गेल्या; त्यांच्यामागून तंजावरच्या नर्तकी व त्यांचे नट्टुवनारही गेले. म्हणजे एक दरबार सुटला आणि दुसरा मिळाला, इतकेच. कीर्तनाचे मात्र तसे झाले नाही. मोरगावकर रामचंद्रबुवांची मराठी कीर्तने तंजावरात गाजली आणि कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग हा सारा थाट तमिळ हरिकथेत आणला. ही कथा देवळात, मांडवात, सभागृहात रंगू लागली. तिचा पोशिंदा राजा नव्हता, श्रोता होता.

आज तमिळनाडू सरकार ‘नान मुदल्वन’ या २०२२ सालच्या योजनेखाली विद्यार्थ्यांना पदवीबरोबरच एखादे कसब शिकविते. १८५५ च्या कारकुनाच्या मुलाला अशी सोय असती, तर तो कोठवर गेला असता?

त्या कारकुनांचे मोडी दप्तर मात्र टिकून आहे. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली राजघराण्याच्या वारसांनी लोकांसाठी खुले केले, आणि तेथे या कागदांच्या गाठोड्यांवर गाठोडी रचलेली आहेत. त्यांत कोणाला किती पगार, कोणाला किती शिधा, याचे हिशेब आहेत. जे अक्षर त्या काळी बिनकामाचे ठरले, ते वाचणारी माणसे आता शोधावी लागतात. आणि महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग नव्या पिढीसाठी मोडीचे वर्ग भरवीत असतो.