कोयता घेताना पोलाद पारखा



ज्वारी-कापसात भागलं नाही की बीडची माणसं ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मजुरी टनावर, म्हणजे बोथट पात्याचा भुर्दंड आपल्याच मनगटाला.

चकाकीवर जाऊ नका. साध्या लोखंडात कर्ब शंभर किलोला पाव किलोहून कमी. पाणी दिलं तरी धार टिकत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. लोहाराकडून पाट्याचाच कोयता घडवून घ्या. पाणी दिल्या दिल्या धारेवर कानस फिरवा. घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. पण नुसतं कडक पातं तुटतं. म्हणून पुन्हा हलका शेक द्यायला सांगा.

आपल्या मालाचा भाव दुसरेच ठरवतात. निदान हत्यार तरी आपण पारखून घेऊ.